चंपा दारू का मागते?

वणीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळात ‘सखाराम बाइंडर’ वाचताना एखादा नवा पोरगा हमखास म्हणतो, ‘चंपा तं बेवडीच आहे बा!’ मग मी वाचन थांबवते. चंपा अशी का झाली, ते आधी शोधा म्हणते.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1972 साली रंगभूमीवर आलं, सेन्सॉरशी झगडलं. सखाराम होते निळू फुले, चंपा लालन सारंग. चंपाला नवऱ्यानं, फौजदार शिंदेनं, कळत्या वयाआधीच तिच्या आईकडून विकत घेतलेलं. त्यानं तिच्या शरीराचे अतोनात हाल केले. म्हणून, नवऱ्याला सोडून ज्याच्या घरी ती राहायला येते तो सखाराम जवळ येतो तेव्हा तिला शुद्धीत राहायचंच नसतं. दारू तिची चैन नाही, बधिर व्हायची सोय आहे. शिंदे समोर आल्यावर मात्र ती त्याला तुडवते. साठलेला राग असा निघतो.

सखारामच्याच घरी राहिलेल्या लक्ष्मीचं उलटं. नवऱ्यानं टाकलेली, सखारामचा मार खाल्लेली ही बाई त्यालाच मनोमन नवरा मानते आणि शेवटी चंपाच्या दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधाचं गुपित त्याच्यापुढे फोडते. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच बाजूला राहिलं की आपण वाचतो, हे ती शिकली आहे. सखारामही बापाचा मार खाऊनच घर सोडून पळालेला.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानलं. तेंडुलकरांनी त्या छळाचे पुढचे परिणाम तेहतीस वर्षं आधी मांडले होते. म्हणून नटीला मी सांगते, चंपाची झिंग नंतर बसव, आधी तिची भीती बसव.