बायोमधली लिंक स्वतःची हवी!

इन्स्टावर फॉलोअर्स आहेत, लिंक्डइनवर प्रोफाइल आहे, मग वेबसाइट कशाला? आठवा, २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावागावातल्या पोरापोरींनी मेहनतीनं जमवलेलं सगळं एका फटक्यात हातचं गेलं. तुमच्या मोठ्या भावंडांना ऑर्कुटबद्दल विचारा, तेही २०१४मध्ये बंदच झालं. तुमचे प्रोजेक्ट, लेख, फोटो हे सगळं फक्त दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्येच का असावं?

'पण कोडिंग येत नाही,' असं म्हणाल. स्टॅटिक साइटला फारसं लागतही नाही. मोठ्या साइट्स म्हणजे ऑर्डर आली की डोसा टाकणारं हॉटेल. स्टॅटिक साइट म्हणजे डब्यातला चिवडा. तयारच असतो, फक्त वाढायचा. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, येणाऱ्या प्रत्येकाला तीच फाइल. १९९१ची जगातली पहिली वेबसाइटसुद्धा अशीच होती, नुसता मजकूर आणि लिंका.

नोटपॅड उघडा, एचटीएमएलमध्ये नाव आणि चार ओळी लिहा आणि फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावानं सेव्ह करा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं स्मॉल. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडायला विसरलात, तर मागे 'डॉट टीएक्सटी' चिकटतं आणि पुढे तासभर डोकं खाजवावं लागतं. मराठीत लिहिणार असाल तर वरच्या भागात 'यूटीएफ-८'ची ओळ हवीच, नाहीतर 'नमस्कार'च्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. मोबाइलसाठी 'व्ह्यूपोर्ट'ची ओळही घाला. बघणारे बहुतेक फोनवरूनच बघणार.

मग गिटहबवर फुकट खातं काढा. यूझरनेम जपून निवडा, कारण तोच तुमचा पत्ता होणार. यूझरनेमपुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' जोडून त्या नावाची पब्लिक रिपॉझिटरी बनवा आणि फाइल अपलोड करा. काही मिनिटांत साइट लाइव्ह! लॅपटॉपवर दिसणारा फोटो साइटवर गायब असेल, तर फाइलच्या नावातलं स्मॉल-कॅपिटल तपासा. विंडोजला त्यानं फरक पडत नाही, गिटहबला पडतो.

गिटहबही शेवटी दुसऱ्याचीच जागा, हे कबूल. पण इथे मूळ फाइल्स तुमच्या लॅपटॉपवर असतात. उद्या बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तर फोल्डर उचला आणि दुसरीकडे ठेवा.

साइटवर 'आय अ‍ॅम पॅशनेट' छाप वाक्यं नकोत. केलेलं काम दाखवा: एनएसएस कॅम्पमधला विहिरींचा सर्व्हे, एकांकिकेचे फोटो, अर्धवट सुटलेलं अ‍ॅपसुद्धा. फक्त मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता असलेला रेझ्युमे जसाच्या तसा टाकू नका. नंतर डिलीट केला तरी रिपॉझिटरीच्या हिस्टरीत जुनी प्रत राहते आणि ती कुणालाही उघडता येते.

स्वतःच्या नावाचं डोमेन हवं असेल तर मात्र दरवर्षी पैसे मोजावे लागतात. ते पहिल्या पगारानंतर बघू!