काडीवरची खूण

खंडेनवमीला कोल्हापुरातल्या गल्लोगल्ली गाड्या धुऊन निघतात. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मग दिवाळीची सुट्टी लागते आणि त्याच गाड्या गगनबावडा, आंबोली, गोव्याच्या रस्त्याला लागतात. निघताना आपण टायरची हवा बघतो, टाकी भरतो, चेनला वंगण देतो. इंजिनातलं ऑइल मात्र ‘सर्व्हिसिंगला बदललंय की’ एवढ्यावर सोडून देतो. वेळेवर ऑइल बदलणारे पुष्कळ भेटतात. दोन बदलांच्या मधे ते किती उरलंय हे बघणारे फार थोडे. हा लेख त्या मधल्या काळासाठी आहे.

नदीकाठच्या आमच्या रानात पाणी उपसायला ऑइल इंजिन होतं, इथल्या उद्यमनगरात घडवलेलं. हँडल मारायच्या आधी वडील ऑइलची पातळी दाखवणारी काडी ओढायचे, फडक्याला पुसायचे, परत घालून बघायचे. घाई असली तरी यात खाडा नाही. कोल्हापूरच्या कारखान्यांनी आणि फौंड्र्यांनी अशी इंजिनं गावोगावच्या उसाला पुरवली. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं शेडच्या कोपऱ्यात गेली आणि काडी पुसून बघायची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

माझी ती सवय सुटलेली होती, हे मला आजऱ्याच्या अलीकडे समजलं. सावंतवाडीहून आंबोली चढून येत होतो. इंजिनाचा आवाज कोरडा, खडखडीत व्हायला लागला. गाडी बाजूला घेऊन काडी काढली तर टोकाला नावालाही ऑइल नाही. बदलून जेमतेम दोन हजार किलोमीटर झाले होते. खाली एक थेंब गळलेला नव्हता. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि इंजिन थोडं थोडं ऑइल जाळत होतं. बदलायची तारीख मी पाळली होती, पण मधे एकदाही बघितलं नव्हतं.

मोटारसायकलच्या ऑइलवर कामाचा बोजाही जास्त असतो. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. जुन्या लोखंडी बुलेटलाही इंजिनाचं, गिअरबॉक्सचं आणि क्लचच्या बाजूचं ऑइल वेगवेगळं भरावं लागे. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल पिस्टनला वंगण देतं, गिअरच्या दातांत भरडलं जातं आणि क्लचच्या प्लेटांनाही भिजवतं. गिअरच्या दातांत सापडून त्याचा दाटपणा हळूहळू तुटतो. त्यात इंजिन वाऱ्यावर थंड होणारं असेल तर आतली बरीचशी उष्णता हेच ऑइल वाहून नेतं. करूळ घाटात दोघं जण आणि सामान घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन जोरात फिरतं, पण वेग कमी म्हणून वारा लागत नाही. पातळी कमी असेल, तर आहे तेवढ्याच ऑइलला सगळी उष्णता सोसावी लागते.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल थोडं. १५डब्ल्यू-५० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. आपल्याकडे थंडी सौम्य, त्यामुळे पहिल्या आकड्याची फार काळजी नको. दुसरा मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तोच घ्यावा. त्याशिवाय डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे शब्द शोधा. जपानी मानकाची ही खूण ओल्या क्लचसाठी आहे. कारच्या काही ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती मोटारसायकलच्या क्लचप्लेटांत गेली की क्लच स्लिप व्हायला लागतो. घरातल्या कारचं उरलेलं ऑइल गाडीत ओतू नका.

आता बघायचं कसं. सपाट जागा हवी आणि गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑइल डावीकडे जातं आणि पातळी बघायच्या उजव्या बाजूच्या काचेत ते कमी दिसतं. मग माणूस वरून आणखी ओततो. जादा भरलेलं ऑइल क्रँकच्या फिरण्यानं घुसळून फेसाळतं, एअर फिल्टरपर्यंत जातं, सीलवर दाब आणतं. म्हणून डबल स्टँड लावा, नसेल तर कुणाला तरी हँडल धरायला सांगा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग बघा. काडी असेल तर पुसून घाला. कित्येक गाड्यांत ती आटे न पिळता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पिळून. आपल्या गाडीचं काय ते पुस्तिकेत एकदा वाचून ठेवा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं, लांब जायचं असेल तर वरच्या खुणेजवळ.

रंगावरून घाबरू नका. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, त्यामुळे ते लवकर काळं होतं. पेट्रोलचा वास आला, बोटांत कचकच लागली किंवा ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं, तर मात्र थांबा. तो चहाचा रंग म्हणजे ऑइलात पाणी मिसळलंय, आणि तो कोल्हापूरनं फार जवळून बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पाणी ओसरल्यावर गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. बुडालेली गाडी घाईनं सुरू केली तर जास्त नुकसान होतं. हवेसारखं पाणी दबत नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टरला हात न लावता प्लग काढायचा, ऑइल सोडायचं, सिलिंडर मोकळा झाल्यावर स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ चालवून तेही सोडायचं. चहाचा रंग जाईपर्यंत हेच, मग नवा फिल्टर आणि चांगलं ऑइल.

नेहमीचा बदल घरीही करता येतो. इंजिन कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळ घेऊन बाहेर येतं. खाली पसरट भांडं ठेवून ड्रेन नट सोडा. नटाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा लेप नेहमीचा. चमकते तुकडे दिसले तर मेस्त्रींना दाखवा. वायसर नवा घाला, आणि नट आवळताना हात आवरा. खालचं कवच अॅल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे गेले की दहा रुपयांच्या कामाचे हजारो होतात. फिल्टरबरोबर त्याची रबरी रिंगही बदला. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन चालवा, थांबून पातळी बघा आणि मग पुरतं करा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. मधे ओतलेलं ऑइलही लिहा, त्यावरून इंजिन किती खातंय ते कळतं. रिकाम्या डब्याचं बूच कापून टाका, म्हणजे त्यात कुणी नकली माल भरणार नाही.

लांबच्या प्रवासात त्याच ग्रेडची अर्ध्या लिटरची बाटली सामानात असू द्या. अडचणीत दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं चालतं. कोरड्या इंजिनापेक्षा ते कधीही बरं.

काढलेलं काळं ऑइल दारांना, सेंटरिंगच्या प्लेटांना फासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्यात जळकी रसायनं आणि धातूची धूळ असते, ती कातडीला आणि मातीला घातक आहे. गटारात ओतलं तर जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. डब्यात भरून ठेवा आणि जुनं ऑइल मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या गॅरेजातच द्या.

या सुट्टीत कोकणात उतरणार असाल तर निघायच्या दिवशी पहाटे, बॅगा बांधायच्या आधी, गाडी सरळ उभी करा आणि काडी पुसून बघा. परतीच्या दिवशी घाट चढायच्या आधी पुन्हा एकदा बघा.