टायरमधली हवा अचूक कशी मोजायची? – घरच्या गाडीवर मापनाचा एक धडा



मापन हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. पट्टी शून्यापासून लावा, डोळा आकड्याच्या समोर ठेवा, एकक लिहायला विसरू नका, हे सगळं मुलांना सांगून सांगून आपलं तोंड दुखतं. पण हेच नियम आपण स्वतः किती पाळतो? मी पाळले नाहीत, आणि ते मला घरच्या गाडीच्या टायरनं शिकवलं. आज तोच धडा तुमच्यासमोर मांडते.

काय घडलं?

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी पुण्याला लग्नाला जायचं होतं. सांगलीतली खरेदी आटोपून दुपारी कुंडलला परत येताना वाटेतल्या एका पंपावर थांबले. म्हटलं, लांबचा प्रवास आहे, हवा बघून घ्यावी. पंपावरच्या मुलानं नळी लावली आणि म्हणाला, "मॅडम, सदतीस आहे. किती ठेवू?" आमच्या गाडीला ३३ लागते हे मला पाठ होतं. मी ठामपणे सांगितलं, "तेहेतीसच ठेव." त्यानं चारही चाकांतली हवा कमी केली. आपण काम चोख केलं, असं वाटून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण, बॅगा आणि आहेराचं सामान घेऊन निघालो. मागच्या सीटवर सासूबाई आणि माझा मुलगा. हायवेला लागल्यावर स्टेअरिंग जड वाटायला लागलं. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा टायरला हात लावून पाहिला, तर हात ठेववत नव्हता. ऊन आहे म्हणून असेल, असं म्हणून पुढे गेलो.

पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी त्यांच्याकडचं मीटर लावलं. चारही चाकांत २९! एका चाकात कमी असती तर पंक्चर म्हणता आलं असतं. पण चारही चाकं एका रात्रीत सारखीच कशी पंक्चर होतील? म्हणजे गळती नव्हतीच. माप चुकलं होतं. आणि पंपावरच्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, त्यानं मी सांगितलेला आकडा बरोबर लावला होता. चुकले होते मी. गरम टायरला थंड टायरचा आकडा लावला होता.

हवेचा दाब म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला "तेहेतीस" म्हणतो ते पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडाचा दाब आहे ते. काही मीटरवर बार हे एकक असतं. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. आपल्या ओळखीच्या भाषेत ३३ पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलो भार.

आता एक गंमत बघा. पोस्टकार्ड १४ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद असतं, म्हणजे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंमी. त्याला २.३ नं गुणलं की सुमारे २९० किलो येतात. चार चाकांचे झाले ११६० किलो. माणसांसकट एका छोट्या गाडीचं वजन साधारण एवढंच भरतं. याचा अर्थ, आपलं सगळं कुटुंब रस्त्यावर चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर टेकलेलं असतं! पाचवीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण द्या, मुलं पुन्हा विसरत नाहीत.

हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि सरळ होतात. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम होते ना, तसंच इथे होतं. वेग, ओझं आणि ऊन यांची भर पडली की आतले थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. लोकांना वाटतं, हवा जास्त झाली म्हणून टायर फुटला. बऱ्याचदा कारण उलटं असतं. हवा कमी असते म्हणून टायर तापतो.

आपल्याकडे आणखी एक त्रास आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरवावं लागतं. हवा कमी असेल तर टायर कडा आणि रिम यांच्यात चिमटतो. मग बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

हवा जास्त झाली तरी नुकसानच. टायर मधोमध झिजतो, गाडी उडते आणि रस्त्यावरची पकड कमी होते.

सदतीसचे एकोणतीस कसे झाले?

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. गाडीच्या टायरसाठी ढोबळ हिशोब असा : तापमान ६ अंश सेल्सिअसनं वाढलं की दाब साधारण १ पीएसआयनं वाढतो, आणि तेवढंच उतरलं की १ नं कमी होतो.

सकाळी २६ अंश असताना माझ्या टायरमध्ये ३३ च हवा होती. उन्हातून गाडी चालवून आल्यावर टायरमधली हवा ५० अंशांच्या आसपास गेली. वाढ झाली २४ अंशांची, म्हणजे ४ पीएसआय. म्हणून मीटरनं ३७ दाखवले, आणि ते बरोबरच होते. मी ते ४ काढून टाकले. रात्री टायर थंड झाल्यावर उरले २९.

त्यात पाच माणसं आणि सामान. आमच्या गाडीच्या स्टिकरवर पूर्ण भाराला मागच्या चाकात ३६ लिहिलेत. म्हणजे मागे ७ नं कमी, जवळजवळ एक पंचमांश! आणि बसली कोण होती? सासूबाई आणि माझं लेकरू. प्रवासात काही झालं नाही, पण ते आमचं नशीब. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

"आमच्या गाडीत दिवा लागतो" असं काही जण म्हणतील. नवीन गाड्यांत हवा कमी झाल्यावर दिवा लागण्याची सोय असते, ती चांगलीच आहे. पण तो दिवा कधी लागतो? अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची आहे आणि तिथल्या नियमाची मर्यादा २५ टक्के घटीची आहे. त्या हिशोबानं माझ्या ३६ च्या चाकाला दिवा २७ ला लागला असता. मी २९ वर पुण्यापर्यंत गेले असते आणि दिवा गप्पच राहिला असता. तेव्हा दिवा असला तरी मोजणं चुकत नाही.

आता तर आपल्याकडे समृद्धी महामार्ग झालाय. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटर. सिमेंटचा रस्ता, ताशी १२० ची वेगमर्यादा आणि मध्ये थांबायचं काम नाही. तिथे टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा परिवहन विभागाला टायर तपासणी हाती घ्यावी लागली. पण आपल्या टायरची तपासणी आपल्या दारातच व्हायला हवी, नाही का?

कृती : अचूक कसं मोजायचं?

साहित्य : स्वतःचं मीटर (घड्याळासारखं किंवा डिजिटल, काही शे रुपयांत मिळतं), वही, पेन.

१) गाडीचा आकडा शोधा. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं. त्यावर कमी माणसं आणि पूर्ण भार असे दोन आकडे असू शकतात, पुढच्या-मागच्या चाकांचेही वेगळे असू शकतात. टायरवर कोरलेला ४४ किंवा ५१ असा मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो भरायचा आकडा नव्हे.

२) सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजा. गाडी निदान तीन तास उभी असावी आणि चाकावर ऊन नसावं. एका बाजूला ऊन लागत असेल तर त्या बाजूचा आकडा जास्त येईल.

३) व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा. मीटर सरळ आणि घट्ट दाबा. फुस्स आवाज येत असेल तर हवा निसटते आहे आणि आकडा चुकतो. आवाज थांबल्यावरच वाचा.

४) प्रत्येक चाकाचं वाचन तीनदा घ्या. ३१, ३१, ३१ आलं तर विश्वास ठेवा. २८, ३१, ३० आलं तर पकड चुकते आहे किंवा मीटर खराब आहे.

५) वहीत लिहा. स्टेपनी विसरू नका. सगळ्यात दुर्लक्षित चाक तेच असतं.

६) टोपी लावण्यापूर्वी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. आपले पंक्चरवाले थुंकी लावतात तेच हे. बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह गळतोय.

पण हवा तर पंपावरच भरायची ना?

खरी अडचण इथेच आहे. घरी टायर थंड असतो, पण पंपापर्यंत जाईतो गरम होतो. शिवाय पंपाचं मीटर आणि आपलं मीटर जुळेलच असं नाही. यावर सोपा उपाय आहे : पंपावर आकडा सांगू नका, फरक सांगा.

समजा, सकाळी घरी ३० भरले आणि हवेत ३३. म्हणजे ३ कमी. पंपावर गेल्यावर आधी तिथल्या मीटरवर आकडा बघा. तो ३२ दाखवो की ३४, आहे त्यात ३ वाढवायला सांगा. ३२ असेल तर मशीन ३५ ला लावा. टायरची गरमी आणि पंपाच्या मीटरची चूक दोन्ही वाचनांत जवळजवळ सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा, ३३ च्या जवळ आलेलं दिसेल. पेट्रोल पंपावर हवेची सेवा मोफत असते, संकोच करू नका.

प्रवासात टायर गरम असताना आकडा वाढलेला दिसला तर हवा काढू नका. गरम असूनही स्टिकरपेक्षा कमी दिसली तर मात्र लगेच भरा आणि गळती तपासून घ्या.

आपलं मीटर खरं आहे का हे बघायचं असेल तर टायरच्या दुकानातल्या चांगल्या मीटरशी एकदा ताडून पाहा. २ नं कमी दाखवत असेल तर मीटरवरच तसं लिहून चिठ्ठी चिकटवा.

"नायट्रोजन भरला की बघायला नको" हेही ऐकू येतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि नायट्रोजनही तापला की तेवढाच फुगतो. भरला तरी मोजायचं चुकत नाही. टायरमधून महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय तसाही कमी होतो. म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी मोजायचंच. मे महिन्यात भरलेली हवा जानेवारीच्या थंडीत नुसत्या गारठ्यानंच २ नं उतरते.

वर्गात काय करता येईल?

सकाळी शाळेचा फुटबॉल सावलीत दाबून बघायला सांगा. मग तासभर उन्हात ठेवून पुन्हा दाबायला सांगा. "सर, कुणी हवा भरली?" असं कुणीतरी नक्की विचारेल. तिथून पाठ सुरू करा. मोठ्या मुलांना घरच्या गाडीची वाचनं पालकांसोबत सकाळी आणि संध्याकाळी घेऊन तक्ता करायला सांगा. मीटर लावायचं काम मात्र मोठ्यांनीच करावं.

पुण्याहून आल्यावर मी मीटर घेतलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझा मुलगा वही घेऊन चाकाजवळ उकिडवा बसतो आणि मी आकडा सांगते. परवा मी नुसतं "बत्तीस" म्हटलं तर तो म्हणाला, "आई, बत्तीस काय? आणि टायर थंड होता ना?" एकक आणि परिस्थिती, दोन्ही विचारलं त्यानं!

उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी तुमच्याही गाडीचं स्टिकर शोधा आणि एकदा मोजून बघा. चारही चाकांत काय आकडे आले ते जरूर कळवा.