गप्प बसलेला व्हायरस

एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेतल्या की टेस्टमध्ये व्हायरस सापडेनासा होतो. मग गोळ्या बंद का नाही करायच्या? आजचा भाग याच प्रश्नावर.

रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएची डीएनए कॉपी काढतो आणि ती सरळ पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. ती उसवून काढणं पेशीला जवळपास जमतच नाही. मग ती काय करते? त्या भागाला कुलूप लावते. डीएनए तिथेच, पण वाचायला मनाई!

हे नीट कळलं ते उंदराच्या भ्रूणपेशींमध्ये. उंदरांना ल्युकेमिया करणारा मोलोनी व्हायरस त्यांच्यात शिरतो, डीएनएत बसतो, पण गप्प राहतो. डॅनियल वुल्फ आणि स्टीफन गॉफ यांनी 2007 आणि 2009 मध्ये यामागची दोन प्रोटीन्स शोधून काढली. झेडएफपी809 हा पहारेकरी. व्हायरसच्या डीएनएतली 18 अक्षरांची एक जागा ओळखून तो तिथे चिकटतो आणि ट्रिम28 ला बोलावतो. ट्रिम28 आणखी मंडळी गोळा करतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर ही मंडळी रासायनिक खुणा करतात. गुंडाळी घट्ट होते, वाचन बंद.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. त्या 18 पैकी एकच अक्षर बदललं तरी पहारेकरी फसू शकतो. असा व्हायरस प्रयोगात सापडलाय. मग सगळेच व्हायरस बदलत का नाहीत? कारण कॉपी सुरू करायला त्यांना पेशीचाच एक टीआरएनए उसना घ्यावा लागतो, आणि तो बसतो नेमका याच जागेवर. वर नव्या कॉपीत ही अक्षरं त्या टीआरएनएवरूनच उतरवली जातात. म्हणजे बदल केला तरी पुढच्या फेरीत जुनं अक्षर परत येतं!

माणसात असे पहारेकरी शेकड्यांनी आहेत. कामही तेवढंच आहे म्हणा, आपल्या डीएनएचा साधारण 8 टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचाच आहे.

एचआयव्हीत मात्र हीच शांतता घात करते. काही टी पेशींमध्ये त्याचा डीएनए झोपून राहतो. कारणं बरीच, घट्ट गुंडाळी हे त्यातलं एक. झोपलेला व्हायरस प्रोटीन बनवत नाही, म्हणून इम्युन सिस्टीमला दिसत नाही. गोळ्या नव्या पेशींमधली लागण थांबवतात, झोपलेल्याला हात लावत नाहीत. त्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच व्हायरस रक्तात परत दिसतो. म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत.

संशोधक दोन उलट्या वाटांनी निघालेत. काही जण व्हायरसला उठवून मग मारायचं बघतात, काही जण कुलूप कायमचं करायचं. उठवणारी औषधं माणसांना देऊन पाहिलीत. व्हायरस जागा झाला, पण लपलेला साठा फारसा कमी झाला नाही.