बाजारपेठेचा रस्ता : व्यापाऱ्यांचे सामाईक दुकान

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर आज लहानसे दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र ‘तगर’ या नावाने ते रोमन जगातील व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगराची नोंद आहे. जे. एफ. फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य सांगते. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येणारे तेरापूर आणि धाराशिवची लेणी यांच्यामुळे हा परिसर जैन वाचकांनाही परिचित आहे.

तगरहून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे. माल उत्तम होता, मागणी सातासमुद्रापलीकडची होती. परंतु तो गाड्यांत लादून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून न्यावा लागे, हेही त्याच ग्रंथात नोंदलेले आहे. व्यापाराची अडचण तेव्हा दोन नगरांच्या मध्ये होती. आज ती नगराच्या आत आली आहे. सोलापूरहून निघालेला मालाचा ट्रक राष्ट्रीय महामार्गावरून तुळजापूर ओलांडून सहज धाराशिवला पोहोचतो. खरी कसोटी लागते ती पेठेतल्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर. गिऱ्हाइकाचेही तसेच. खेड्यातून तालुक्याच्या गावी येणे सोपे झाले. पेठेत उतरल्यावर दोन पावले निर्धास्त टाकणे अवघड झाले.

दुकान देखणे करण्यासाठी व्यापारी लाखो रुपये खर्च करतो. काचेची कपाटे, वातानुकूलन, दिव्यांची रोषणाई यांत तो कसूर करीत नाही. परंतु गिऱ्हाईक दुकानात येण्यापूर्वी ज्या रस्त्यावरून येते, तो रस्ता कोणाचा? कायद्याने तो नगरपरिषदेचा आहे, व्यवहाराने मात्र ते पेठेतील सर्वांचे सामाईक दुकान आहे. तेथे पाय घसरला, चिखल उडाला किंवा गाडीचा धक्का लागला, तर नुकसान एका गाळ्याचे होत नाही. साऱ्या पेठेची पत कमी होते.

गंजगोलाईचा धडा

रस्ता आधी आणि दुकान नंतर, या क्रमाने आखलेल्या पेठेचा नमुना याच मातीत आहे. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी ते धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि अवघ्या सहा वर्षांत, १९१७ मध्ये, गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार वास्तू उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे.

या रचनेतील व्यापारी शहाणपण आजही लक्षात घेण्याजोगे आहे. सोळा वाटांपैकी कोणत्याही वाटेने आलेला शेतकरी बाजाराच्या मध्याशी पोहोचतो. सराफ लाइन, कापड लाइन अशा नावांनीच कोणता माल कोठे मिळेल हे नवख्यालाही कळते. एकाच मालाची दुकाने शेजारी शेजारी असल्याने भाव पारखून घेता येतो आणि व्यापाऱ्याला वजनमापात चोख राहावे लागते. दुकाने वैयक्तिक मालकीची असली, तरी गोलाई ही सर्वांची ओळख ठरली.

बैलगाडी आणि पादचारी यांच्या काळात आखलेल्या त्या वर्तुळावर आज दुचाकी, रिक्षा आणि टेम्पो यांचा भार आहे. सोळा वाटांनी माणसे जशी सहज येतात, तशी सोळा वाटांनी वाहनेही येतात. आराखडा कितीही उत्तम असला, तरी काळानुसार त्याची डागडुजी आणि नियमन झाले नाही, तर त्याचा गुणच त्याचा दोष होतो.

पेठेचे दुखणे कोठे आहे?

मराठवाड्यातील बहुतेक जुन्या पेठांचे घडण सारखेच. काळ्या दगडाचे जोते, लाकडी खांब, पुढे ओटा, वर माळवद किंवा माडी. ओटा ही फार विचारपूर्वक केलेली सोय होती. गिऱ्हाईक तेथे टेकत असे, उन्हापावसात सावली मिळत असे आणि रस्त्यावरचे पाणी दुकानात शिरत नसे. पुढे ओटे आत घेतले गेले, त्यांच्या जागी शटर आले आणि शटरच्या पुढे पत्र्याचे छप्पर, छपराच्या पुढे मालाची मांडणी, मांडणीच्या पुढे मालकाची दुचाकी. पादचाऱ्याला उरला तो रस्त्याचा मधला पट्टा, जेथे वाहने धावतात.

दुसरे दुखणे रस्त्याच्या उंचीचे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला की रस्ता काही इंचांनी वर येतो. असे दोन-तीन वेळा झाले की दुकानाचे जोते रस्त्याच्या पातळीखाली जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट गादीपर्यंत येते. मग व्यापारी उंबऱ्यापुढे सिमेंटचा बांध घालतो, पाणी शेजाऱ्याकडे वळते आणि वाद सुरू होतो.

तिसरे दुखणे गटाराचे. दुकानात येण्याजाण्यासाठी गटारावर पक्की शहाबादी फरशी बसवली जाते. दिसायला ती सोय असते. परंतु सफाई कामगाराला खालचा गाळ काढता येत नाही. पन्नास दुकानांपैकी पाच जणांनी गटार बुजवले, तरी तुंबणारे पाणी पन्नास जणांच्या दारात येते.

कामाचा क्रम

रस्ते सुधारणा म्हणजे वरचा थर चकचकीत करणे, असा समज रूढ आहे. खरे काम जमिनीखालून सुरू होते. प्रथम जलवाहिनी, मलवाहिनी आणि पावसाच्या पाण्याचे गटार. त्यानंतर वीज आणि दूरसंचाराच्या तारांसाठी नळ्या. मग रस्त्याचा पाया आणि सर्वांत शेवटी फरसबंदी. हा क्रम चुकला, तर नवा काँक्रीटचा रस्ता सहा महिन्यांत नळजोडणीसाठी फोडावा लागतो. तारांसाठी रिकामी नळी आधीच टाकून ठेवण्याचा खर्च थोडा असतो. पुन्हा पुन्हा खोदाई करण्याचा खर्च पेठ वर्षानुवर्षे सोसते.

फरसबंदीतही तारतम्य हवे. सिमेंटचे ठोकळे उचलून पुन्हा बसवता येतात, ही त्यांची मोठी सोय. पदपथावर साधारण ६० मिलिमीटर जाडीचे ठोकळे पुरतात. हलक्या वाहनांच्या रस्त्यावर ८० मिलिमीटरचे लागतात आणि मालट्रक जेथे उभे राहतात तेथे त्याहून जाड. पदपथाचे ठोकळे भुसार मालाच्या गल्लीत बसवले, की ते पहिल्याच हंगामात खचतात. शहाबादी फरशी या भागातील परिचित दगड. पण पॉलिश केलेली फरशी ओली झाली की पाय घसरतो. उघड्यावर ती खडबडीत राखलेली बरी. काळा दगड टिकाऊ, मात्र मे महिन्यात तो तापतो. अनवाणी विहार करणारे साधू-साध्वी आणि अनवाणी देवदर्शनाला येणारे भाविक ज्या गावात वाटेवर असतात, तेथे सावलीची झाडे हा फरसबंदीचाच भाग मानला पाहिजे. चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, असे ईर्या समिती सांगते. तसे पाऊल टाकण्याइतकी मोकळी आणि सपाट जमीन पेठेत असणे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पदपथांविषयी भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी आणि १५० मिलिमीटरहून अधिक नसलेली उंची, ही त्यातील मूलभूत सूत्रे. पेठेत याहून अधिक रुंदी अपेक्षित आहे. पदपथ फूटभर उंच केला, तर वृद्ध गिऱ्हाईक आणि लेकरू कडेवर घेतलेली बाई रस्त्यावरूनच चालणे पसंत करतात, हे कोणत्याही पेठेत दिसते.

झळ कोणाला?

हा प्रश्न आज जिल्ह्यात सर्वाधिक निकडीचा आहे तो तुळजापुरात. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत श्री तुळजाभवानी मंदिर परिसराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता मिळाली. बालाघाटाच्या कुशीतील या गावी नवरात्रात आणि कोजागरीला पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्यामुळे तेथील रस्ता मुळात पायांसाठी हवा, याविषयी दुमत होणार नाही. परंतु मंदिराच्या वाटेवर हळद-कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा आणि प्रसाद विकणाऱ्यांचा संसार त्याच वाटेच्या रुंदीवर उभा आहे. रस्त्याला दहा फूट मिळतात, तेव्हा दहा फुटांचे दुकान नाहीसे होऊ शकते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये रस्त्यासाठी जागा देणाऱ्या मालकाला रोख मोबदला, वाढीव चटईक्षेत्र किंवा ‘टीडीआर’ या नावाने ओळखला जाणारा हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतो. हा लाभ जागामालकाचा. त्याच जागेत दोन पिढ्या भाड्याने बसलेल्या व्यापाऱ्याची पत, उधारीची वही आणि ओळखीचे गिऱ्हाईक यांची किंमत त्या हिशेबात धरली जात नाही. रस्त्यावर बसणाऱ्या फेरीवाल्यासाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत, असेही सांगतो. पक्क्या दुकानदाराने फेरीवाल्याला शत्रू मानण्याचे कारण नाही. भाजीवाल्या मावशीकडे रोज येणारी गृहिणीच महिन्याकाठी किराणा आणि कापड घेण्यासाठी दुकानाची पायरी चढते.

म्हणूनच आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा हरकती आणि सूचनांची मुदत ही व्यापाऱ्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीइतकीच महत्त्वाची आहे. त्या काळात नकाशा पाहायचा नाही आणि यंत्र दारात आल्यावर न्यायालयात धावायचे, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. भाडेकरू, मालक आणि पथविक्रेते यांनी एकत्र बसून केलेली एक लेखी सूचना, शंभर तोंडी तक्रारींहून अधिक वजनाची ठरते.

चांदणी चौकाचा अनुभव

दिल्लीचा चांदणी चौक व्यापारी कुटुंबांना सांगायला नको. त्याच्या पूर्वेच्या टोकाला दिगंबर जैन लाल मंदिर आणि पश्चिमेला फतेहपुरी मशीद. यांमधील सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला. लोंबकळणाऱ्या तारा जमिनीखाली गेल्या, पदपथ रुंद झाले आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत मोटारगाड्यांना बंदी झाली. मालाची चढउतार रात्री आणि गिऱ्हाईक दिवसा, अशी वेळेची वाटणी करणे हे त्यामागील सूत्र. पुढे देखभाल आणि नियमपालन सैल पडल्याच्या तक्रारीही तेथील व्यापाऱ्यांनीच मांडल्या. रस्ता एकदा बांधून भागत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या एका दिवसापुरता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्याच्या पेठेला कोट्यवधींच्या निधीची वाट न पाहता करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. आठवडी बाजाराखेरीज एखादा रविवार निवडावा, चार तास वाहने बाहेर ठेवावीत आणि संध्याकाळी गल्ला मोजावा. तर्कवितर्कापेक्षा तो आकडा अधिक विश्वासार्ह असेल.

पहिले पाऊल पेठेचे

निधी शासनाचा आणि काम नगरपरिषदेचे असले, तरी काही गोष्टी व्यापारी संघाच्या हाती आहेत. दुकानाबाहेरची मांडणी सर्वांनी एकाच दिवशी उंबऱ्याच्या आत घ्यावी. एकट्याने घेतली, तर त्याचे नुकसान होते, सर्वांनी घेतली, तर कोणाचेच होत नाही. गटारावरची पक्की फरशी काढून तेथे उचलता येणारी जाळी बसवावी. मालकाने आणि नोकरांनी आपली वाहने पेठेबाहेर लावावीत, कारण दुकानासमोरची जागा दिवसभर अडवणारी पहिली दुचाकी बहुधा मालकाचीच असते. पाट्या देवनागरीत लावण्याचे बंधन २०२२ च्या दुरुस्तीने सर्वच दुकानांना आले आहे. त्या निमित्ताने साऱ्या गल्लीने पाट्यांची उंची आणि आकार एक ठेवला, तर जुन्या माडीचे नक्षीदार लाकूडकाम पुन्हा दिसू लागेल. आणि रस्त्याचे काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदाराकडून वेळापत्रक लेखी मागावे. दिवाळी आणि लग्नसराईत रस्ता खणलेला राहिला, तर छोट्या दुकानदाराचे वर्षच वाया जाते.

तगरच्या व्यापाऱ्यापुढे रस्ते नसलेला प्रदेश होता आणि त्याने तरीही समुद्रापर्यंत माल पोहोचवला. आजच्या व्यापाऱ्यापुढे उंबरठ्याबाहेरचे सहा फूट आहेत. ते मोकळे करण्याचा निर्णय पेठेच्या पुढच्याच बैठकीत होऊ शकतो.