आजारी म्हणून टाकून दिलेले कुत्रे घरात घेण्याआधी

नाल्याच्या पुलाजवळ, उड्डाणपुलाखाली, बाजाराच्या कोपऱ्यावर आता गावठी कुत्र्यांबरोबर पॉमेरियन, पग, शिह त्झू, डॅशहंड अशी छोट्या जातीची कुत्रीही दिसतात. ती रस्त्यावर जन्मलेली नसतात. कोणीतरी हौसेने विकत घेतलेली असतात. पुढे खरूज झाली, खोकला लागला, डोळ्यात मोतीबिंदू उतरला, दवाखान्याचा खर्च वाढला, की एखाद्या रात्री आणून सोडलेली असतात. वस्तीतली मुले अशा कुत्र्याला उचलून घरी आणतात आणि मग घरात प्रश्न उभा राहतो. ठेवायचे का? याचा आजार आपल्याला लागेल का? खर्च कोण करणार? या पानावर त्या प्रश्नांची सरळ उत्तरे देत आहोत.

आधी एक अवघड प्रश्न

आपल्यातले काही जण रागाने विचारतील, "कुत्र्या-मांजरांना पाणी मिळत होते आणि आपल्या आजोबा-पणजोबांना मिळत नव्हते. आता आपणच कुत्र्यांचे लाड करायचे का?" हा राग खरा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हा त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. पण आपला लढा जनावराला पाणी मिळते याविरुद्ध नव्हता, माणसाला नाकारले जाते याविरुद्ध होता. त्याच बाबासाहेबांच्या घरी कुत्रा होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रात रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव यांच्याबरोबर त्यांचा लाडका टॉबीही आहे.

विनयपिटकातला आजारी भिक्खूचा प्रसंग आपण विहारात ऐकला आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. कोणी सेवा का करत नाही, असे भगवंतांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, की मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली आणि उचलून अंथरुणावर ठेवले. उपयोग संपला म्हणून टाकून द्यायचे नाही, हा त्यातला धडा. मात्र करुणा डोळे उघडे ठेवून करायची असते. घरातल्या लेकरांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे आधी, हेही तितकेच खरे.

सांभाळ वेगळा, दत्तक वेगळे

तात्पुरता सांभाळ, ज्याला प्राणिमित्र 'फॉस्टर' म्हणतात, म्हणजे कुत्रे बरे होईपर्यंत किंवा त्याला कायमचे घर मिळेपर्यंत ठेवणे. दत्तक म्हणजे ते मरेपर्यंत आपले. छोट्या जातीची कुत्री नीट काळजी घेतली तर बारा-पंधरा वर्षेही जगतात. म्हणून घाईने 'आता हे आपलेच' असे म्हणू नका. आधी सांभाळ करा, घराला आणि कुत्र्याला जमते का ते पाहा, मग ठरवा.

एखादी संस्था किंवा प्राणिमित्र कुत्रे तुमच्याकडे ठेवत असेल तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: औषधाचा आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, किती दिवसांसाठी, मुदत संपल्यावर कोण घेऊन जाणार, आणि रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर फोन कोणाला करायचा. लसीचे कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी आणि नसबंदी झाली आहे का, हेही मागा. आजार लपवून कुत्रे कोणाला देऊ नये आणि कोणाकडून घेऊही नये.

कुत्रे तुम्हालाच रस्त्यावर सापडले असेल तर दोन-चार दिवस आसपास चौकशी करा. ते हरवलेलेही असू शकते. गळ्यात पट्टा आहे का ते पाहा, जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात सांगून ठेवा.

पहिले काही दिवस

नवे कुत्रे घाबरलेले असते. घाबरलेले आणि दुखणे असलेले कुत्रे चावते, मग ते कितीही छोटे आणि गोजिरे असो. त्याला एका कोपऱ्यात गोणपाट किंवा जुनी चादर टाकून जागा द्या. मुलांना सांगा: खाताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचे नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. आंघोळीची घाई करू नका. अशक्त कुत्र्याला गार पाण्याने धुतले तर ते आणखी खचते.

पहिल्या दोन दिवसांत जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर घरातल्या किंवा गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्यांपासून ते वेगळे ठेवा. पार्वो आणि डिस्टेंपर हे आजार कुत्र्यांत झपाट्याने पसरतात. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर तो पार्वो असू शकतो. अशा वेळी एक दिवसही थांबू नका. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत.

माणसाला काय लागू शकते

सर्वांत आधी रेबीज. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. कुत्रे चावले, नख लागून ओरखडा आला किंवा उघड्या जखमेवर चाटले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. दंडावर त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना विचारा. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस कधीच गेले, त्या भीतीने कोणी थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण त्यासाठी माणसाची लस थांबवायची नाही. घरातल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्या.

दुसरे, खरूज. कुत्र्याच्या खरजेचा एक प्रकार माणसाला लागतो आणि अंगाला खाज सुटते. दुसरा प्रकार लागत नाही. कोणता ते डॉक्टर त्वचा खरवडून तपासतात. गोल चट्टे पडणारा गजकर्णही कुत्र्याकडून मुलांना होतो. बरे होईपर्यंत कुत्र्याचे अंथरूण वेगळे ठेवा आणि उन्हात टाका. खरजेवर जळके ऑइल, रॉकेल किंवा फिनेल लावण्याची पद्धत आहे, ती सोडा. कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते.

तिसरे, जंत. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोहोचतात. डॉक्टर सांगतील तसे कुत्र्याला जंताचे औषध द्या, विष्ठा लगेच उचला आणि हात साबणाने धुवा.

चौथे, लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून हा आजार कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही होतो. उंदराच्या लघवीतून तो पसरतो, आजारी कुत्र्याच्या लघवीतूनही पसरू शकतो. कुत्र्यासाठी याची लस असते. पायाला जखम असताना लघवी साफ करायची असेल तर चप्पल आणि हातमोजे घाला.

छोट्या कुत्र्यांची नेहमीची दुखणी

खोकला: म्हाताऱ्या पॉमेरियनला हंक-हंक असा कोरडा खोकला येत असेल तर त्याची श्वासनलिका दबत असते किंवा हृदय कमजोर झालेले असते. गळ्याला दोरी किंवा पट्टा बांधू नका, छातीवरून जाणारा पट्टा वापरा. कुत्रे गाढ झोपले असताना एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजा. तीसच्या वर आकडा वारंवार गेला तर डॉक्टरांना सांगा. हृदयाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नसते. या आजारात लघवी जास्त होण्याचे औषधही देतात. त्यामुळे दर काही तासांनी बाहेर न्यावे लागते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावे.

दात: तोंडाला घाण वास, हिरड्यांतून रक्त, एका बाजूने चावणे ही दात किडल्याची लक्षणे. दुखऱ्या दातामुळे कुत्रे खात नाही आणि चिडते. दात साफ करून घेतल्यावर त्याचा स्वभावही बदलतो.

गोचीड ताप: कुत्रे मलूल, हिरड्या पांढऱ्या, ताप, नाकातून रक्त. रक्त तपासून औषध सुरू करावे लागते. कुत्र्याचे अंग माणसापेक्षा गरमच असते, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे साधारण तापमान. म्हणून नुसत्या हाताने ताप ठरवू नका.

गर्भाशयात पू: नसबंदी न झालेली मोठ्या वयाची मादी अचानक खूप पाणी पिऊ लागली, खाणे सोडले, मागून घाण स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उशीर झाला तर जीव जातो. नसबंदी केल्याने हा धोका टळतो.

पाठ आणि डोळे: लांब पाठीच्या डॅशहंडला उड्या मारू देऊ नका, उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्हीकडून आधार द्या. आंधळे कुत्रे घरात छान राहते, फक्त सामानाच्या जागा बदलू नका.

पत्र्याच्या घरातला उन्हाळा

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णता अजिबात सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचे घर दुपारी भट्टी होते. पत्र्यावर ओले गोणपाट टाका, कुत्र्याला ओल्या लादीवर बसवा, पाणी सतत ठेवा, दुपारी बाहेर नेऊ नका. ते जोरजोरात धापा टाकू लागले, जीभ लालभडक झाली, लडखडू लागले, तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे आणि फटाक्यांच्या आवाजाने हृदयाच्या आजाराचे कुत्रे जास्त घाबरते. त्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत, घरातल्या एखाद्या माणसासोबत ठेवा.

खायला काय

महागडे पाकीटबंद खाणेच हवे असे नाही. भात, मसाल्याविना शिजवलेले चिकन किंवा अंडे, थोडा लाल भोपळा किंवा गाजर चालते. किती आणि कसे द्यायचे ते डॉक्टरांना विचारा, कारण नुसत्या दूध-चपातीवर पोषण होत नाही. आपल्या रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे, म्हणून फोडणी देण्याआधीच त्याचा वाटा वेगळा काढा. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. बुद्धपौर्णिमेच्या खिरीतले बेदाणेही देऊ नका. चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे नकोत.

माणसाची औषधे तर मुळीच नकोत. अंग दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी दिली तर छोट्या कुत्र्याचे यकृत, पोट किंवा मूत्रपिंड बिघडते. पाच किलोच्या जिवाला आपली एक गोळीही फार होते.

दवाखाना आणि खर्च

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तिथे फी कमी असते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणीला जाताना जुने सगळे कागद सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. रोजच्या गोळीचा महिन्याचा खर्च किती ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तो घरखर्चातून दर महिन्याला निघेल का ते मांडून पाहा आणि मगच दत्तक घ्या. महानगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर पाळीव कुत्र्याच्या परवान्याचीही चौकशी करा.

कोणी घेऊ नये

घरात तान्हे बाळ आहे, कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत, सगळे जण सकाळी कामाला जाऊन रात्री परततात, किंवा घरमालकाचा विरोध आहे, तर आजारी कुत्रे घरात घेऊ नका. यात कमीपणा काही नाही. तुम्ही त्याला दवाखान्यापर्यंत नेऊ शकता, दुसरे घर शोधून देऊ शकता, एका महिन्याच्या औषधाचे पैसे देऊ शकता. मात्र घेऊन पुन्हा रस्त्यावर सोडू नका. पाळलेल्या जनावराला उपाशी मरण्यासाठी टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या कलम ५१-अ मध्ये जिवंत प्राण्यांबद्दल दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

एकट्या घराला जे जड जाते ते विहाराला जमते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास विहाराच्या आवारात गल्लीतल्या सर्व कुत्र्यांसाठी लसीकरण शिबिर घ्यावे, असा अर्ज महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने पालिकेकडे अथवा पशुसंवर्धन विभागाकडे आतापासूनच द्यावा. गल्लीतली कुत्री लसवंत झाली, की आपली लेकरेही सुरक्षित राहतात.