किंमत विचारण्याआधी वय विचारा

दहावीचा निकाल लागतो, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानांत टॅबची चौकशी वाढते. खोक्यांवर आकडे ठळक छापलेले असतात: ११ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, ८,००० एमएएचची बॅटरी. गिऱ्हाईक बहुधा दोनच प्रश्न विचारते, ‘केवढ्याला?’ आणि ‘हे नवीन मॉडेल आहे ना?’ हा टॅब किती वर्षे कामाचा राहील, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि विचारला तरी दुकानदाराकडे त्याचे उत्तर नसते. वास्तविक टॅब स्वस्त की महाग, हे याच उत्तरावर ठरते. टॅब ही घेण्याजोगी वस्तू आहे, यात वाद नाही. पण तिचे मोल तिच्या नवेपणात नाही. घरातले कोणते एक काम ती नीट करते आणि ते किती वर्षे करत राहते, या दोन गोष्टींत ते आहे. दर वर्षी बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांची ओढ या दोन कसोट्यांवर घासून पाहिली, तर बरीचशी निकालात निघते.

आधी टॅबच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. ‘मोबाइल असताना टॅब कशाला?’ हा घरोघरी निघणारा सवाल. त्याचे उत्तर फूटपट्टीने मोजून देता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि त्यांची पाने ए-फोर कागदाच्या जवळपास जाणारी, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर रुंद असतात. ६.७ इंची मोबाइल उभा धरला तर त्याची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर. पान तिपटीने आक्रसते, अक्षरे वाचता येत नाहीत. मग बोटांनी पान मोठे करायचे, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणायचे. भौतिकशास्त्रातली आकृती एका टोकाला आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या टोकाला राहते. नेहमीच्या ठेवणीचा ११ इंची टॅब मात्र जवळजवळ १५ सेंटिमीटर रुंद असतो. पान मुळाच्या सत्तर टक्के आकारात दिसते आणि न सरकवता वाचता येते. क्षेत्रफळ पाहिले तर ही स्क्रीन मोबाइलच्या तिपटीहून मोठी. त्यामुळे पीडीएफ वाचणे, फळ्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ पाहणे आणि आडव्या स्क्रीनवर सराव परीक्षा देणे या तीन कामांना टॅब मोबाइलपेक्षा सरस आहे. हा फायदा स्क्रीनच्या आकारातून येतो, मॉडेलच्या सालातून नाही. तीन वर्षांपूर्वीच्या ११ इंची टॅबवरही पान तेवढेच मोठे दिसते.

टॅब अभ्यासाला नेमका कसा उपयोगी पडतो, याचे जवळचे उदाहरण नागपुरातच आहे. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे ‘महाज्योती’चे मुख्यालय इथेच आहे. अकरावी विज्ञानात शिकणाऱ्या इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमीलेअर विद्यार्थ्यांना ही संस्था एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते. त्यासोबत टॅब देते आणि रोज ६ जीबी इंटरनेट डेटाही देते. या योजनेचे मर्म या बेरजेत आहे. साधारण प्रतीचा तासाभराचा व्हिडिओ पाहायला अर्धा ते पाऊण जीबी डेटा लागतो, म्हणजे दिवसभराच्या तासिका आणि वर सराव चाचण्या या डेटात आरामात बसतात. गडचिरोली किंवा गोंदियाच्या गावातल्या मुलीला नागपुरात खोली घेऊन, मेसचा डबा लावून, खासगी क्लासची फी भरून जे मिळवावे लागते, त्यातला शिकवणीचा भाग तिच्या घरी पोहोचतो. इथे टॅबचे काम ठरलेले आहे, मुदत ठरलेली आहे आणि त्यावर काय चालणार हेही ठरलेले आहे. शिकवणी आणि डेटा काढून घेतला, तर हाच टॅब सिनेमा पाहण्याची पाटी होऊन बसेल.

नुसती वस्तू देऊन काय होते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबचे अनावरण केले, तेव्हा जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला त्याच्या निम्म्या किमतीत मिळायचा होता. पण ७ इंची स्क्रीन बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देत नसे, दाबावी लागे. रॅम अवघी २५६ एमबी होती आणि बॅटरीविषयी तक्रारी होत्या. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारित ‘आकाश’ आला, तो बराच बरा होता. तरीही लाखो विद्यार्थ्यांच्या हाती टॅब देण्याचे स्वप्न विरून गेले. परदेशातही असेच घडले. पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले आणि ३१९ शाळांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये निष्कर्ष निघाला की गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड देण्याची प्रचंड योजना आखली आणि पुढच्याच वर्षी तो करार थांबवावा लागला. आकाश अगदी स्वस्त होता, आयपॅड उत्तम होता, दोन्ही योजना फसल्या. याचा अर्थ किंमत आणि प्रत या दोन्हींच्या पलीकडे काहीतरी निर्णायक असते. ते म्हणजे वस्तूमागचे ठरलेले काम आणि ते काम पुरे होईपर्यंत वस्तू टिकवण्याची सोय.

टिकण्याचा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहायला हवा, कारण खोक्यावरचे आकडे नेमके तिथेच दिशाभूल करतात. ‘८ जीबी रॅम’ असे ठळक छापून खाली बारीक अक्षरात ‘४ जीबी + ४ जीबी व्हर्च्युअल’ लिहिलेले असते. दुसरे ४ जीबी हे रॅम नव्हे, साठवणुकीचाच एक कोपरा रॅमच्या नावाने वापरलेला असतो आणि तो खऱ्या रॅमपेक्षा फार हळू चालतो. ६४ जीबी साठवणुकीतला मोठा वाटा अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप आधीच घेऊन बसलेली असतात. पण टॅबचे खरे वय ठरते ते सॉफ्टवेअर अपडेटवर. स्वस्त अँड्रॉइड टॅबना बहुतेकदा एक-दोन आवृत्त्यांपुढे अपडेट मिळत नाही. काच शाबूत असते, बॅटरी चालत असते आणि एक दिवस परीक्षेचे किंवा बँकेचे ॲप सांगते की तुमची अँड्रॉइड आवृत्ती जुनी आहे. उलट सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या आयपॅडला २०२५ ची आयपॅडओएस २६ ही आवृत्तीसुद्धा मिळाली. सॅमसंगनेही आपल्या काही टॅबना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. दुसरे वय बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत झपाट्याने म्हातारी होते आणि पूर्ण भरलेली असताना तर अधिकच. ॲपल आपला आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे सांगते, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. दुपारी कव्हर न काढता, चार्जर लावून, गादीवर ठेवून तासन् तास व्हिडिओ पाहिला, तर बॅटरीचे आयुष्य किती घटेल याचा अंदाज बांधता येतो. कव्हर काढणे, चार्जिंग पहाटे किंवा रात्री करणे, टॅब उन्हात उभ्या गाडीत न ठेवणे, ही विदर्भात चैन नव्हे, काटकसर आहे.

आता हिशेब मांडू. समजा एक टॅब १२,००० रुपयांचा आहे आणि दोन वर्षांत निकामी होतो. दुसरा २४,००० रुपयांचा आहे आणि सहा वर्षे चालतो. पहिला वर्षाला ६,००० रुपयांना पडतो, दुसरा ४,००० रुपयांना. दुकानात स्वस्त वाटलेला टॅब घरात महाग पडतो. शिवाय दुसऱ्यावर धाकट्या भावंडाचीही अकरावी-बारावी निघते. याच तर्काने नव्याकोऱ्या महागड्या मॉडेलची बाजूही तपासता येते. यंदाचा टॅब गेल्या वर्षीच्या टॅबपेक्षा थोडा पातळ, थोडा वेगवान असतो. पीडीएफ आणि व्हिडिओला तो वेग लागतच नाही. सध्या ‘एआय’च्या नावावर नवे मॉडेल खपवले जाते, पण सामान्य माणूस वापरतो त्या बऱ्याच एआय सुविधा कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना चालू इंटरनेट पुरते. आणि नवे म्हणजे सगळे काही आले असेही नाही. मार्च २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना भारतात आलेल्या आयपॅडवर ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही कंपनीची स्वतःची एआय सुविधा चालत नाही. तेव्हा एक वर्ष जुने, पण अजून चार-पाच वर्षे अपडेट शिल्लक असलेले मॉडेल सवलतीत मिळत असेल, तर शहाणपण त्याच्याकडे आहे. अपवाद एकच: ज्याचा धंदाच स्क्रीनवर चालतो, म्हणजे चित्रे काढणारा किंवा व्हिडिओ कापून जोडणारा, त्याला नव्या चिपचा वेग रोजच्या रोज कमाईत मोजता येतो.

यावर पहिला आक्षेप असा की एवढे पैसे घालायचे तर लॅपटॉप का नको? आक्षेप बिनतोड आहे, पण सर्वांसाठी नाही. प्रोग्रामिंग, टॅली, एक्सेलची मोठी पत्रके, प्रकल्प अहवाल ज्यांना करायचे आहेत त्यांनी टॅबच्या वाटेला जाऊच नये. चांगला टॅब, वर कीबोर्ड, वर पेन्सिल अशी बेरीज केली की रक्कम लॅपटॉपच्या दारात येते आणि काम मात्र अर्धेच होते. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर, माउस हातात धरून द्यायच्या असतात, तर नीट आजवर कागदावर वर्तुळे काळी करून होत आली आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टॅब शिकण्यासाठी आहे, परीक्षेच्या रंगीत तालमीसाठी शेवटच्या महिन्यांत संगणक किंवा कागद हवाच. मात्र अकरावी-बारावीची दोन वर्षे ज्याला मुख्यतः वाचायचे आणि पाहायचे आहे, त्याला हलका, दिवसभर चालणारा आणि वीज गेली तरी न थांबणारा टॅब लॅपटॉपपेक्षा सोयीचा. आजी-आजोबांना नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे आणि ई-पेपर मोठ्या अक्षरांत वाचायचा असेल, त्यांनाही तो मानवतो.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: टॅब हाती दिला की पोर अभ्यास सोडून गेम खेळते, आणि कागदावर वाचलेलेच लक्षात राहते. याचा दुसरा भाग संशोधनाने उचलून धरलेला आहे. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे आढळले. गोष्ट किंवा कादंबरी वाचताना मात्र फरक दिसला नाही. म्हणून टॅब पुस्तकाच्या जागी आणणे चूकच. जे पुस्तक देऊ शकत नाही, म्हणजे दूरच्या शिक्षकाची तासिका, लगेच तपासली जाणारी चाचणी, चुकलेला प्रश्न पुन्हा समजावणारा व्हिडिओ, तेवढ्यापुरता तो आणावा आणि धडा छापील पुस्तकातून वाचावा, वहीत लिहावा. गेमचा धोका मोबाइललाही तितकाच लागू आहे. उलट टॅब मोठा असल्याने पांघरुणात लपत नाही. घरातल्या एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी तो वापरायचा ही शिस्त लावता येते, आणि ती लावता येत नसेल तर कोणतेही मॉडेल घेऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा. ज्याच्या खिशात १०,००० रुपयेच आहेत त्याला वर्षांचा हिशेब सांगणे म्हणजे भुकेल्याला पथ्य सांगण्यासारखे नाही का? काही प्रमाणात आहे. त्याने निदान एवढे करावे: खरी रॅम किती ते बारीक अक्षरांत वाचावे, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि दुरुस्ती केंद्र गावाजवळ आहे का ते विचारावे. पण ही माहिती शोधण्याचा भार ग्राहकावर टाकणेच मुळात अन्यायाचे आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून टॅब आणि मोबाइलला नियम लावले आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट द्यायची, महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे पुरवायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि दुरुस्ती किती सोपी याची श्रेणी लेबलवर छापायची. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने अशाच दुरुस्ती निर्देशांकाविषयीचा अहवाल मे २०२५ मध्ये दिला. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, कारण ते दारावर चिकटवणे कंपनीवर बंधनकारक आहे. टॅबच्या खोक्यावरही अपडेटची शेवटची तारीख तशीच छापली गेली पाहिजे. सुरुवात शासनाला आपल्या हातानेच करता येईल: विद्यार्थ्यांसाठी टॅबची निविदा काढताना किमतीच्या रकान्याशेजारी वर्षांचा रकाना टाकायचा आणि सर्वांत कमी दराच्या टॅबऐवजी वर्षामागे सर्वांत कमी खर्चाचा टॅब निवडायचा. सरकार हजारोंनी माल उचलते, त्यामुळे त्याने ही अट घातली की कंपन्यांना ती पाळणे भाग पडेल आणि सीताबर्डीच्या दुकानदाराकडेही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल.